स्कार्फ दिसला की समोरचा हळूहळू आणि हिंदीत बोलायला लागतो

धागाकर्ती: वाशिष्ठी
विभाग: समाज, रोजचे अनुभव

हे लिहायचं बरेच दिवस टाळत होते. इथे धर्माचा विषय निघाला की दोनशे प्रतिसाद येतात आणि त्यातले दीडशे भलत्याच गोष्टीवर असतात. तरी लिहिते.

मी चिपळूणची. घरात कोकणी बोलतो, शाळा मराठी माध्यमाची, दहावीला संस्कृत होतं (मुद्दाम सांगतेय). आता पुण्यात एका सीए फर्ममध्ये आहे, क्लायंटकडे ऑडिटला जावं लागतं. डोक्याला स्कार्फ बांधते. चेहरा पूर्ण उघडा असतो, बुरखा घालत नाही.

नव्या क्लायंटकडे गेलं की रिसेप्शनपासून सुरुवात. "आप को… किस से… मिलना है?" प्रत्येक शब्द सुटा सुटा, आवाज एक पट्टी वर, जणू मला ऐकूही कमी येतं. मी म्हणते, "अकाउंट्सच्या साहेबांना भेटायचंय, स्टॉक रजिस्टर बघायला आलोय." मग चेहरा उजळतो. "अरे वा! मराठी किती छान बोलता तुम्ही!" माझ्याबरोबर येणारा ट्रेनी इंदूरचा आहे. त्याचं मराठी "मला पाहिजे आहे फाइल" छापाचं. त्याला आजवर कुणी विचारलं नाही की बाबा तू कुठला.

इथवर हसून सोडून देता येतं. पुढचं नाही देता येत. प्रश्न मी विचारते आणि उत्तर त्याला मिळतं. रजिस्टर त्याच्या पुढ्यात ठेवलं जातं, चहा आधी त्याला. फर्मची सीनियर मी आहे हे कळल्यावर लोक सावरून घेतात, पण त्याआधीची पंधरा मिनिटं दर वेळी जातात.

घर शोधतानाची गंमत वेगळी. फोनवर मी मराठीत बोलते, एजंटला आडनावावरून काही कळत नाही (कोकणातली आमची आडनावं तुमच्यासारखीच असतात, खोत, मुकादम, पारकर). घर रिकामं असतं, मालक फार चांगले असतात, "लगेच बघून घ्या मॅडम." जिन्यात मला बघितलं की त्याच घराला कालच टोकन आलेलं असतं. सरळ नाही म्हणणारे त्यातल्या त्यात परवडतात, रिक्षाचे पैसे वाचतात.

पार्लरमध्ये केस कापायला गेले तर "तुम्हाला कशाला हेअरकट, दिसतात कुठे?" बहिणीला पहिल्या बाळंतपणात ओपीडीत नर्सबाई म्हणाल्या, "कितवं?" ती म्हणाली पहिलं. "बरं, अजून बरीच असतील." बाई हसत हसत बोलल्या, आजूबाजूच्याही हसल्या. बहीण फार्मसिस्ट आहे. गप्प बसली, कारण तपासणी त्याच बाईंच्या हातात होती.

पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या आठवड्यात, एप्रिल २०२५मध्ये, पीएमटीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची आणि लोक उभे असायचे. कुणी काही बोललं नाही. ऑफिसात एका सज्जन गृहस्थांनी मात्र जेवताना विचारलं, "तुमच्यात काय म्हणतायत?" तुमच्यात म्हणजे कुणात? मी त्याच कॅन्टीनमध्ये, त्याच टेबलावर, त्यांच्यासारखीच रडकुंडीला येऊन बातम्या बघत होते.

आणि शेवटी ते कौतुक: "तू अजिबात त्यांच्यातली वाटत नाहीस गं."

शिव्या, मारहाण असलं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही. त्याच्या बातम्या होतात. ज्याची बातमी होत नाही त्याबद्दल बोलायचंय. घालणाऱ्यांनी लिहा, न घालणाऱ्यांनी लिहा, काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्यांनीही लिहा. कोर्टाचे निकाल शक्यतो नकोत, पण ते येणारच हे माहीत आहे.

निशिगंधा_म
वाचतेय. नर्सबाईंचं वाचून संताप आला. मुंबईतल्या सेहत या संस्थेने सरकारी दवाखान्यांतल्या अशा वागणुकीचा अभ्यास केला होता, त्यातही बायकांनी प्रसूती वॉर्डातली हीच भाषा सांगितली होती. "तुम्ही लोक" पासून सुरू होणारी.

पुणेरी_तर्क
अनुभव वाईट आहेत, दुमत नाही. पण दोन प्रश्न. एक, पुण्यात अनोळखी माणसाशी हिंदीत बोलणं ही आता सवयच झाली आहे. माझ्याशीही डिलिव्हरीवाले हिंदीत बोलतात, मी ते माझ्या जातीधर्माला लावत नाही. दोन, बँक, विमानतळ, परीक्षेचं केंद्र, इथे ओळख पटवणं भागच असतं. त्याला पूर्वग्रह म्हणायचं का? सगळ्याच गोष्टी एका दोरीत ओवल्या तर खरी तक्रार हलकी होते.
तिसरं, अवांतर: पीएमटी आता पीएमपीएमएल आहे.

वाशिष्ठी
तिसऱ्या मुद्द्याशी सहमत, पण पीएमटीच म्हणणार.
पहिला: डिलिव्हरीवाला तुमच्याशी हिंदीत बोलतो तेव्हा तो बाहेरचा असतो. माझ्याशी बोलणारा सदाशिव पेठेतला असतो आणि पाच सेकंद आधी ट्रेनीशी मराठीत बोललेला असतो.
दुसरा: माझा चेहरा उघडा आहे असं मी चौथ्या ओळीत लिहिलंय. आधार कार्डावरचा फोटोही स्कार्फमधलाच आहे. पूर्ण नकाब घालणाऱ्या बायकांनाही तपासणीसाठी महिला कर्मचाऱ्यापुढे चेहरा दाखवायला अडचण नसते, ही पद्धत विमानतळावर रोज चालते. ओळख पटवण्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. ओळख पटल्यानंतर जे होतं त्याबद्दल धागा आहे.

भुसावळ_पॅसेंजर
ओळख पटवण्यावरून आठवलं. दुपारी बारा वाजता पुण्याच्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा. स्कूटीवरच्या निम्म्या पोरी डोळे सोडून सगळं गुंडाळलेल्या असतात, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. ट्रॅफिक पोलीससुद्धा ओळखू शकत नाही. त्यांच्याकडून देशाला धोका असल्याचं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आमची आई ऐंशीच्या पुढची आहे. डोक्यावरचा पदर अजून ढळू देत नाही, जावयासमोर तर अजिबात नाही. प्यू या अमेरिकी संस्थेने २०१९-२०मध्ये भारतभर मोठी पाहणी केली, त्यात ६१ टक्के बायकांनी घराबाहेर डोकं झाकतो असं सांगितलं. मुस्लिम बायका ८९ टक्के, शीख ८६, आणि हिंदू ५९. म्हणजे या देशात डोकं झाकणाऱ्या बायकांत मोठा भाग हिंदूंचाच. आईला बँकेत कुणी विचारत नाही की आजी, घरच्यांची जबरदस्ती आहे का.

विवेकी_सातारकर
भुसावळकर, आईंना विचारायला हवं होतं असंच मी म्हणेन. पदर काय, हिजाब काय, बाईच्या शरीराची जबाबदारी बाईवर टाकणारीच पद्धत ती. इराणमध्ये सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला, तिला पकडलं होतं ते डोक्यावरचं कापड नीट नव्हतं म्हणून. तिथल्या बायका रस्त्यावर ते जाळत होत्या आणि इथे आपण ते घालण्याच्या हक्कावर धागे काढतोय. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता, तोंडी तलाकविरुद्ध. त्या सातजणींचा वारसा कुठे गेला?
धागाकर्तीवर व्यक्तिगत टीका नाही.

वाशिष्ठी
सातारकर, दलवाई मिरजोळीचे, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचं नाव घरात ऐकतच वाढले, चांगलंही आणि वाईटही.
माझी दादी साडीचाच पदर घ्यायची, बुरखा तिला माहीतही नव्हता. आखातातून पैसा आला, त्याबरोबर काय काय आलं, ते मला दिसतं. मी स्कार्फ कॉलेजात असताना बांधायला लागले, अम्मी नको म्हणत होती. धाकटी बहीण बांधत नाही. आमच्या घरात यावर भांडणं होतात, ती आम्ही बघून घेऊ. माझा प्रश्न एवढाच आहे की स्टॉक रजिस्टर मला का देत नाहीत.

मिरजवाली
आता मी बोलते. मी बुरखा सोडलेली बाई आहे. लग्नानंतर आठेक वर्षं घातला, मग नोकरी लागल्यावर सोडला. सासरी दोन वर्षं अबोला होता. नणंदेच्या लग्नात मला फोटोत घेतलं नाही. मोहल्ल्यातल्या पोरांनी मागून काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा जबरदस्ती नसतेच असं कुणी मला सांगू नका. असते. लई असते. भुसावळच्या पावण्यांच्याच जिल्ह्यात, जळगावात, १९८२ला समाजातल्या पुढाऱ्यांनी मुस्लिम बायकांना सिनेमाला जायची बंदी घातली होती आणि रझिया पटेल यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभं केलं, ते विसरायचं कारण नाही.

पण सातारकर, माझा प्रश्न तुम्हाला. मी बुरखा सोडू शकले कशामुळे? नोकरीमुळे. पगार हातात आला तेव्हा सासू ऐकायला लागली. नोकरी लागली तेव्हा मी बुरख्यातच होते. इंटरव्ह्यू बुरख्यात दिला होता. समोर बसलेल्या बाईंनी फक्त टायपिंगचा वेग आणि मराठी शुद्धलेखन तपासलं, मी कोण, कशात आले, काही नाही. त्या बाईंनी "आधी हे काढा, मग बघू" म्हटलं असतं तर मी आज मिरजेत चुलीपुढे असते, बुरख्यासकट. सासूला तर तेच हवं होतं. घरचे म्हणतात बाहेर जायचं तर घालूनच जा, बाहेरचे म्हणतात घालून येऊ नका. दोघांचं मिळून काय होतं? बाई घरात बसते. तुम्ही आणि माझी सासू एकाच बाजूला कसे काय येता, याचा जरा विचार करा की.

आणि सोडल्यावर सगळं गोड झालं असंही नाही. आता लोक माझ्यासमोर "यांच्या बायका" म्हणून बिनधास्त बोलतात, कारण मी "यांच्यातली" आहे हे त्यांना दिसत नाही. नाव सांगितलं की शांतता. मग "तुम्ही वेगळ्या हो."

निशिगंधा_म
+१००. मिरजवाली, वेगळा धागा काढा यावर.

विवेकी_सातारकर
मुद्दा दखल घेण्यासारखा आहे. पण नोकरीमुळे मोकळीक मिळते हे खरं असलं तरी ती प्रत्येकीला मिळतेच असं नाही. कित्येक जणी पगार आणून नवऱ्याच्या हातात देतात आणि बुरखाही तसाच राहतो.

मिरजवाली
देतात. पांढरपेशा हिंदू बायकाही देतात. म्हणून त्यांना नोकरी देऊ नका असं कुणी म्हणत नाही.

एचआर_डायरी
काउंटरच्या पलीकडच्यांनी लिहा म्हटलंय म्हणून. नोकरभरतीत माझी पंधराएक वर्षं गेली, आधी मुंबई, आता हिंजवडी. हे घडतं कसं ते सांगते.

"हिजाबवाली नको" असं कुणी लिहीत नाही. ईमेलवर तर कधीच नाही. इंटरव्ह्यूनंतरच्या फॉर्ममध्ये "कम्युनिकेशन सुधारायला हवं", "क्लायंटसमोर जाण्यासाठी आत्मविश्वास कमी", "टीममध्ये मिसळेल का शंका" असं येतं. हे तिन्ही शेरे मी अशा मुलींच्या फॉर्मवर बघितले आहेत ज्यांचं बोलणं पॅनेलवाल्यांपेक्षा नीट होतं. काही पॅनेलवाले इंटरव्ह्यूतच विचारतात, "ऑफिसमध्ये हे काढाल ना?", "नमाजला किती वेळ लागतो?", "लग्नानंतर घरचे पाठवतील का?" शेवटचा प्रश्न सगळ्याच मुलींना विचारला जातो म्हणा.

मुस्लिम बायकांच्या नोकऱ्यांसाठी काम करणाऱ्या लेड बाय फाउंडेशनने २०२२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकसारख्या पात्रतेचे दोन बायोडेटा, एकावर प्रियांका शर्मा, दुसऱ्यावर हबीबा अली, दोन्ही नावं बनावट. एक हजार जाहिरातींना दोन्ही पाठवले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. त्या बायोडेटावर फोटो नव्हता. नुसत्या नावाने निम्म्या जागा गेल्या, स्कार्फची पाळी अजून आलीच नव्हती.

आमच्याकडे एका बदलाने थोडा फरक पडला: प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि शेरा लिहिताना सोबत उदाहरण द्यायचं. "आत्मविश्वास कमी" लिहायचं तर कोणत्या उत्तरात ते सांगा. बऱ्याच जणांचं पेन तिथेच अडतं.

ऱ्हाइनकाठी
जर्मनीतून. इथे अर्जाला फोटो लावायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे एचआर_डायरी यांनी सांगितलेल्या प्रयोगाची पुढची पायरी इथे झाली. ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठाच्या डोरिस वाइखसेलबाउमर यांनी जर्मन कंपन्यांना अर्ज पाठवले, २०१६मध्ये निष्कर्ष आले. फोटोतली बाई तिन्ही अर्जांत एकच. नाव झांड्रा बाउअर असताना १८.८ टक्के ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं. तीच बाई, नाव मेरयेम ओझतुर्क, तर १३.५ टक्के. तीच मेरयेम, डोक्याला स्कार्फ, तर ४.२ टक्के.

१३.५ वरून ४.२, हा फरक निव्वळ कापडाचा.

मी स्वतः कुंकू लावून ऑफिसला जायचे सुरुवातीला. "हे काय आहे, दुखतं का?" एवढंच कुतूहल वाट्याला आलं. माझी तुर्की शेजारीण याच गावात जन्मली, शाळेत जर्मन शिकवते, आणि तिला अजून विचारतात की जर्मन कुठे शिकलात. वाशिष्ठी यांचा रिसेप्शनचा परिच्छेद वाचून तिला भाषांतर करून सांगितला. म्हणाली, नाव बदलून माझाच छापला की!

रोखठोक_राणे
(प्रतिसाद संपादित)

संपादक
रोखठोक_राणे यांचा प्रतिसाद उडवला आहे. दोन उपप्रतिसादही. व्यक्तिगत शेरेबाजी चालणार नाही. "हे सगळं पाकिस्तानात जाऊन बोला" हा युक्तिवाद नाही, त्यामुळे त्याचं खंडन करायची गरज नाही. धागा चालू ठेवतो आहोत.

भुसावळ_पॅसेंजर
हसून हसून पुरेवाट. संपादकांना एक चहा.

अ‍ॅड_घाटकोपर
कोर्टाचे निकाल नकोत म्हटल्यावर वकिलाने गप्प बसावं हे योग्यच, पण "कोर्टाने हिजाबवर बंदी घातली आहे ना" असा समज असतो, तेवढा दुरुस्त करतो.

उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व कॉलेजातला, वर्गात हिजाब घालण्याचा वाद २०२१च्या अखेरीस सुरू झाला. कर्नाटक सरकारचा गणवेशाचा आदेश ५ फेब्रुवारी २०२२चा. तिथल्या उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी १५ मार्चला तो कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ला दोन न्यायाधीशांचे निकाल वेगवेगळे आले: न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिलं फेटाळली, न्या. सुधांशु धुलिया यांनी मान्य केली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. धुलियांच्या निकालाचा भर मुलींच्या शिक्षणावर आहे. आधीच शाळेच्या दारापर्यंत पोहोचायला कष्ट पडणाऱ्या मुलीचं आयुष्य आपण सोपं करतोय का, हा त्यांचा रोख.

महाराष्ट्रातलं प्रकरण चेंबूरचं. कॉलेजने हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी, बॅज या सगळ्यांना मनाई करणारा ड्रेस कोड काढला. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, २६ जून २०२४ला याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती त्या सूचनेला स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र नाही. सुनावणीत न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं की टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का.

हे सगळं शिक्षणसंस्था आणि गणवेश यांच्याबद्दल आहे. रस्त्यावर, बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात, घर भाड्याने घेताना हिजाब घालू नये असा कायदा भारतात नाही. उलट घटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक जागांत धर्मावरून अडवायला मनाई करतं. भाड्याच्या घराबाबत मात्र कायद्याचा हात तोकडा आहे. खाजगी मालकाने "टोकन आलं" म्हटलं की सिद्ध काय करणार? अशिलांना मी एवढंच सांगतो की बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी ठेवा.

पुणेरी_तर्क
धन्यवाद, नेमकी माहिती. गणवेशाच्या बाबतीत माझं मत कायम आहे: शाळेत सगळ्यांना एकच नियम असावा. टिकलीलाही.

वाशिष्ठी
टिकलीलाही म्हणणारे तुम्ही पहिलेच भेटलात. मनापासून सांगते, निदान मोजमाप एक आहे.

बशीर_मास्तर
मी सोलापूरकडचा निवृत्त शिक्षक. उर्दू शाळेत मराठी शिकवायचो. सातवीपर्यंत मुली भरपूर, दहावीला थोड्या, पुढे बोटांवर मोजण्याइतक्या. कारणं अनेक: गरिबी, लवकर लग्न, आमच्याच लोकांची डोकी. पण एक कारण मी बापांच्या तोंडून ऐकलेलं आहे. बाप मुलीला घेऊन तालुक्याच्या कॉलेजात जातो, गेटवरचा शिपाई मुलीकडे बघून काहीतरी बोलतो, ऑफिसातला क्लार्क चार हेलपाटे घालायला लावतो. बाप घरी येऊन म्हणतो, मास्तर, पोरीला तिथे रोज असं ऐकून घ्यायला पाठवू? मला उत्तर सुचायचं नाही. मग ओळखीच्या प्राध्यापकाला चिठ्ठी द्यायचो, जमेल तिथे स्वतः जायचो.

मुस्लिम समाजाच्या स्थितीवरच्या, २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात हे स्पष्ट आलेलं आहे. बुरख्यातल्या बायकांना बाजारात, दवाखान्यात, शाळेत, बसमध्ये धड वागवलं जात नाही, ही तक्रार समितीने नोंदवली. सच्चर म्हटलं की आरक्षणावर वाद होतात. हे पान कुणी उघडत नाही, कारण त्यात सरकारने करण्यासारखं कमी आणि क्लार्कने करण्यासारखं जास्त आहे.

चिकूमिल्कशेक
मूर्खपणाचा प्रश्न असेल तर सोडून द्या. उन्हाळ्यात गरम होत नाही का? खरंच माहीत नाही म्हणून विचारतेय. आणि हेल्मेट?

वाशिष्ठी
होतं ना गरम. पुण्यात एप्रिलमध्ये सगळ्यांनाच होतं. कॉटनचा किंवा मलमलचा घ्यायचा, जॉर्जेट घसरतो आणि त्याला पिना फार लागतात. आतून पातळ टोपी असते तिने केस धरून राहतात. हेल्मेटसाठी मागे अंबाडा न घालता खाली वेणी घालते, नाहीतर हेल्मेट टेकतच नाही. पिना काढून ठेवायच्या, वरून हेल्मेट, पोहोचल्यावर आरशासमोर दोन मिनिटं. कोंड्याचा त्रास होतो, ओल्या केसांवर बांधलं तर जास्तच.

प्रश्न मूर्खपणाचा नाही, फक्त तो बाराव्या मिनिटाला यावा, पहिल्या नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने संक्रांतीला सरळ विचारलं, "हळदीकुंकवाला बोलावलं तर येशील का? कुंकू नाही लावणार, वाण देईन." गेले. पाच वर्षं आधीच्या ऑफिसात सगळ्या जणी माझ्यासमोर कुजबुजून ठरवायच्या आणि मला वाईट वाटू नये म्हणून दार लोटून घ्यायच्या. तिळगूळ दुसऱ्या दिवशी टेबलावर.

सांगलीची_मावशी
पहिल्यांदाच लिहितेय. शेजारच्या मुलीची, आयेशाची (नाव बदललंय), 'नीट' म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा आहे. ती हिजाब घालते. तिच्या आईला भीती आहे की केंद्रावर काढायला लावतील आणि पोरगी रडत पेपर लिहील. २०२२ला वाशीममध्ये असा प्रकार झाल्याची तक्रार पेपरात आली होती. काय करावं?

अ‍ॅड_घाटकोपर
मावशी, नीटच्या माहितीपत्रकात धार्मिक किंवा पारंपरिक पोशाखातल्या उमेदवारांना परवानगी आहे, फक्त तपासणीसाठी लवकर हजर राहा असं सांगितलेलं असतं. त्या वर्षीच्या पत्रकातलं ते पान छापून प्रवेशपत्रासोबत ठेवा. तपासणी महिला कर्मचाऱ्यानेच आणि आडोशाला करायची असते. केरळ उच्च न्यायालयाने २०१६मध्येच वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी हाच मार्ग घालून दिला होता: हिजाब चालेल, पण अर्धा तास आधी या आणि तपासू द्या. गेटवर वाद झालाच तर शिपायाशी घालू नका, केंद्रप्रमुखांना बोलवा.

मिरजवाली
मावशी, आणि आईला सांगा बरोबर कुणीतरी मोठं माणूस पाठवा, गेट बंद होईपर्यंत तिथेच थांबणारं. तुम्ही स्वतः गेलात तर उत्तम. साडीतली मावशी बरोबर असली की गेटवरचा माणूस निम्मा नरमतो. वाईट आहे, पण आहे.

सांगलीची_मावशी
मीच जाते. पान कुठलं ते अ‍ॅडव्होकेट साहेबांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावं.

अ‍ॅड_घाटकोपर
केला आहे.